मामाचा कॉम्प्युटर हातात मावेल?

कांजूरमार्गच्या एका वाचकमित्राने विचारलंय, "मामाच्या माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम प्लस सापडलाय. अजून चालतो! लोकलमध्ये खेळता येईल असा हातातला गेम त्यातून बनवू का?"

शाब्बास! ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचं हे यंत्र पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन भारतात विकलं. मेमरी अवघी ४८ के! पडदा म्हणून घरचा टीव्ही, प्रोग्राम कॅसेटवर. मोठा गेम चढायला पाचेक मिनिटं लागायची.

हातातला करायचा तर टीव्हीऐवजी छोटा एलसीडी, कॅसेटऐवजी मेमरी कार्ड, अ‍ॅडॅप्टरऐवजी बॅटरी हवी. कळांची गंमत बघा. पहिल्या स्पेक्ट्रमला ४० कळा, पण तारा फक्त १३! ८ आडव्या, ५ उभ्या. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी तार जुळते. ८ गुणिले ५ किती? बरोबर! खेळायला त्यातली पाच बटणं पुरतात.

पण थांबा, चालू यंत्राला करवत लावू नका! चित्र, आवाज आणि कळा सांभाळणारी त्यातली मूळ यूएलए चिप आता बनत नाही. ती जपायला हवी. हातातल्या गेमसाठी रास्पबेरी पाय झीरोसारखा छोटा बोर्ड घ्या. योग्य प्रोग्राम टाकला की तो स्पेक्ट्रमची नक्कल करतो.

त्याआधी मामाच्या कॅसेटी आजच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा. जुनी टेप खराब होत जाते, आणि मामाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. मग पहिला डाव कुणाचा? अर्थात मामाचा!