‘सिक्युअर बूट बंद करा’ म्हणणाऱ्यांना

विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या आणि जुन्या लॅपटॉपवर नवी सिस्टिम टाकायचा विषय घरोघरी निघू लागला. पुण्याच्या तपकीर गल्लीतला कारागीर असो की वसतिगृहातला लिनक्सवेडा, एरवी या दोघांचं कशावरच एकमत होत नाही. पण पहिला सल्ला दोघांचाही एकच: बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट बंद करा.

सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना फक्त मान्य सहीचेच प्रोग्राम चालू देणारी तपासणी. ती बंद करायच्या सल्ल्यात एके काळी तथ्य होतं. रूफस या साधनाने बनवलेल्या पेनड्राइव्हवर एनटीएफएस वाचणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्यावर २०२१ पर्यंत मान्य सही नव्हती, त्यामुळे सिक्युअर बूट चालू असलं की तो अडायचा. डेबियन लिनक्समध्येही २०१९ मध्ये दहावी आवृत्ती येईपर्यंत सिक्युअर बूटसह चालायची सोय नव्हती. ती कारणं गेली. सल्ला मात्र पेन्शन घेत अजून बसलाय.

कारागिराचा दुसरा युक्तिवाद असा, की फॉरमॅट मारला की सगळं कोरं, मग सह्या तपासणाऱ्या किल्ल्यांची चौकशी कशाला? इथे तो साफ चुकतो. फॉरमॅटने डिस्क कोरी होते. सिक्युअर बूटच्या किल्ल्या राहतात मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, आणि डिस्क बदलली तरी त्या जागच्या हलत नाहीत. सर्वांत वर पीके, ती बहुधा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची. तिच्याखाली केईके, म्हणजे याद्या बदलण्याचा अधिकार. तो सहसा मायक्रोसॉफ्टकडेही असतो. डीबी ही आत सोडायच्यांची यादी, डीबीएक्स हाकललेल्यांची. विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधी फर्मवेअर या याद्या बघतं.

‘इतक्या आत कोण शिरतंय?’ असं निदान पुण्यात तरी विचारू नये. नव्वदच्या दशकात मायकेलँजेलोसारखे व्हायरस डिस्कच्या बूट सेक्टरमध्येच बसत, सिस्टिमच्या आधी जागे होत. त्याच काळात याच शहरात कैलाश काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानातून आणि त्यांचे भाऊ संजय यांच्या प्रोग्रामिंगमधून क्विक हील अँटिव्हायरस उभं राहिलं. जागा जुनीच, भाडेकरू नवे. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस हा असाच एक घुसखोर प्रोग्राम गाजला. तो मायक्रोसॉफ्टचीच सही असलेला जुना, सदोष बूट मॅनेजर बरोबर आणायचा आणि सिक्युअर बूट चालू असतानाही आत शिरायचा, कारण ती फाइल डीबीएक्समध्ये घातलेलीच नव्हती. यावरून सिक्युअर बूट कुचकामी ठरत नाही. डीबीएक्स ताजी ठेवली पाहिजे, एवढंच ठरतं.

लिनक्सवाल्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. माझ्या मशीनमध्ये काय चालावं हे मायक्रोसॉफ्टने का ठरवावं? आणि कंपन्या तरी कुठे सांभाळतात? २०२४ मध्ये उघड झालेल्या पीकेफेल प्रकरणात शेकडो मॉडेल्समध्ये पीके म्हणून चाचणीची किल्ली निघाली. तिच्यावर ‘विश्वास ठेवू नका’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि तरीही ती विकली गेली! हा निष्काळजीपणा अक्षम्यच. पण परक्याची किल्ली नको, तर आपली बसवावी. लिनक्सचा शिम हा छोटा लोडर आणि मोक, म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली, याचसाठी आहेत. एनव्हिडियाचा ड्रायव्हर अडला, तर उबुंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तोच विचारतं. तिथे किल्लीची नोंद केली की ड्रायव्हर चालतो. दोन मिनिटांचं काम. तो पडदा न वाचता पुढे जायचं आणि मग मायक्रोसॉफ्टच्या नावाने बोटं मोडायची, याला स्वातंत्र्यप्रेम म्हणत नाहीत.

सिस्टिम टाकण्याआधी बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. सिक्युअर बूट बंद केलं की विंडोज तीच मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचे फोटो गेलेच समजा. सिक्युअर बूटच्या याद्यांमधली मायक्रोसॉफ्टची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतीबाहेर जातात, विंडोजच्या बूट मॅनेजरचं ऑक्टोबरमध्ये. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण बूटच्या नव्या दुरुस्त्यांसाठी २०२३ ची प्रमाणपत्रं आत असावी लागतात, म्हणून विंडोज आणि फर्मवेअर आधी अपडेट करा. अडलं की ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ दाबायची सवय यामुळेच घातक आहे: जुन्या मशीनच्या कारखान्यातल्या यादीत २०२३ चं प्रमाणपत्र नसतं, आणि मग नव्या सहीचा बूट मॅनेजर दारातच अडतो. जुना पेनड्राइव्ह नाकारला गेला, तर नवा बनवा. डीबीएक्स यादीला दोष देऊ नका.

क्वचित एखाद्या कामासाठी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागेलही. मग काम झाल्यावर विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ उघडून ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर ‘ऑन’ दिसेपर्यंत कारागिराला पैसे देऊ नका.