जागर कोणाचा, जागरण कोणाचे?

घट बसले की वारणाकाठच्या आमच्या गावांतील रात्रीला निराळे रूप येते. देव्हाऱ्यात अखंड दिवा तेवत असतो, रोज नवी माळ चढते, आणि घरातली कर्ती स्त्री वात मालवू नये म्हणून मध्यरात्री उठून तेल घालते. कोल्हापुरात करवीरनिवासिनी अंबाबाई ललिता पंचमीस त्र्यंबोलीच्या भेटीस निघते, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचा जागर होतो, आणि विजयादशमीस दसरा चौकातील सोहळ्यासाठी पंचक्रोशी लोटते. देवीसाठी जागावयाचे ते सावध राहण्यासाठी, अशीच आपल्या परंपरेची धारणा आहे.

परंतु याच जिल्ह्यात, आणि अवघ्या महाराष्ट्रात, आणखी एक जागरण वर्षाचे बाराही महिने चाललेले असते. नवरा अद्याप घरी आला नाही म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या बाईचे ते जागरण होय. त्याला माळ नाही, आरती नाही, आणि नवव्या दिवशी त्याची सांगताही होत नाही. मद्यविक्रीची वेळ वाढवून मागणारे अर्ज जेव्हा जेव्हा होतात, तेव्हा या दुसऱ्या जागरणाचा विचार कोण करते, एवढाच प्रश्न आम्हांस आजच्या पर्वात सुज्ञ वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रश्न काल्पनिक नाही. दरवर्षी डिसेंबर महिना आला की क्लब, परमिट रूम व दुकानदार यांच्याकडून वेळ वाढवून देण्याची मागणी होते, आणि नाताळ व वर्षअखेरच्या रात्रींसाठी क्लब व परमिट रूम पहाटे ५ वाजेपर्यंत उघडे ठेवण्याची मुभा शासन देत आले आहे. मुंबईत २०२० च्या जानेवारीत दुकाने व मॉल रात्रभर उघडे ठेवण्याचे धोरण आले, तेव्हाही मद्य देण्याची मर्यादा रात्री दीड वाजेपर्यंतच ठेवावी लागली. म्हणजे रात्र आणि मद्य यांचा मेळ सरसकट घालता येत नाही, हे खुद्द शासनासही मान्य आहे.

हा वाद आजचा नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. १९०८ साली पुण्यातच लोकमान्यांच्या अनुयायांनी दारूच्या गुत्त्यांपुढे निदर्शने केली. सामाजिक प्रश्नांवर ज्यांचे मार्ग भिन्न होते, अशी ही दोन माणसे या एका बाबतीत एकाच बाजूस उभी राहिली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरविले. परंतु साठ-सत्तरच्या दशकांत बंदीची जागा परवान्याने घेतली. कायद्याच्या नावात ‘दारूबंदी’ राहिली. व्यवहारात तो परवाने देण्याचा कायदा झाला.

त्यास कारण आहे, आणि ते लपविण्याजोगे नाही. मद्यावरील कर हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढविले, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांची जादा भर अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. ज्या हाताने बंद करावयाचे त्याच हाताला विक्रीतून भाकरी मिळत असेल, तर तो हात किती नेटाने चालेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

लोकांच्या हाती काहीच नाही, असे मात्र नव्हे. २००८ च्या आदेशान्वये गावातील किंवा प्रभागातील किमान २५ टक्के महिला मतदारांनी वा एकूण मतदारांनी मागणी केली, तर दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. ज्या बायांनी आयुष्यात कधी व्यासपीठ पाहिले नव्हते, त्यांनी या मतदानासाठी गावोगाव घरे पालथी घातली. नवरात्रात आपण ज्या शक्तीची पूजा बांधतो, तिचे याहून साक्षात दर्शन आम्हांस तरी ठाऊक नाही.

परंतु या नियमातील मेख पाहावी. बाटली आडवी होण्यासाठी झालेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. यादीत नाव असलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. सासरी गेलेली लेक, मुंबईस कामाला गेलेली सून, आजारी म्हातारी, एवढेच काय पण यादीतून नाव न वगळलेली मृत व्यक्तीसुद्धा, न येता उभ्या बाटलीच्या पारड्यात जाऊन बसते. ग्रामपंचायतीचा सदस्य निवडताना आपण असे गणित मांडत नाही. दुकान बंद करावयास एवढी कठोर कसोटी. आणि वेळ वाढवावयास मात्र मंत्रालयातील एक आदेश पुरे! त्यासाठी ना मतदान, ना ग्रामसभा. हा तराजू समतोल आहे, असे कोणी न्यायाने म्हणेल काय?

दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. क्लबचे चालक म्हणतात की वाचनालय, क्रीडांगण, सभागृह यांचा खर्च सभासदांच्या वर्गणीत भागत नाही. तो बारच्या उत्पन्नावर चालतो. सज्ञान माणसाने मर्यादेत काय प्यावे, हे इतरांनी ठरवू नये, असेही ते म्हणतात. अधिकृत दार लवकर मिटले की अनधिकृत खिडकी उघडते, हा त्यांचा तिसरा मुद्दा. या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली दारूबंदी २०२१ साली उठविताना चोरट्या दारूचेच कारण पुढे करण्यात आले. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, आणि तेथे तर दारूबंदी नव्हती. म्हणजे विषारी दारू रोखावयाची असेल तर पोलीस व उत्पादन शुल्क खात्याने आपले काम चोख केले पाहिजे. परवानाधारक दार दोन तास अधिक उघडे ठेवल्याने ती थांबत नाही.

राहिला उत्पन्नाचा मुद्दा. समाजासाठी म्हणून उभी राहिलेली वास्तू शेजाऱ्यांच्या झोपेवर चालत असेल, तर तिने समाजाचे नाव लावू नये. वाचनालयासाठी वर्गणी मागावी, देणगी मागावी; आमच्या वारणेच्या खोऱ्याने सहकारातून साखर कारखाना, दूध संघ, शाळा आणि महाविद्यालये उभी केली आहेत. ज्या मातीत शेअरच्या चार-दोन रुपयांतून एवढे उभे राहिले, तेथे पुस्तकांचे एक कपाट प्याल्याशिवाय भरत नाही, हे आम्ही मान्य करणार नाही.

तथापि दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपल्या मांडवातही डोकवावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असावेत. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ही सवलत दरवर्षी अपुरी वाटते ती आम्हा उत्सवी मंडळींनाच. रात्री बारापर्यंत भिंती हादरविणारे मंडळ दुसऱ्या दिवशी क्लबच्या वेळेविरुद्ध निवेदन घेऊन गेले, तर तहसीलदाराने हसावे नाही तर काय करावे? आजारी माणसाला झोप मोडणारा आवाज देवाच्या नावाचा की बाटलीच्या, याने फरक पडत नाही. मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्या आपल्याच पोरांबद्दल गप्प राहणारे गाव शेवटी कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. मद्यविक्रीची वेळ वाढवावयाची असेल, मग ती एका रात्रीसाठी का असेना, तर गावात ग्रामसभेची आणि शहरात त्या वस्तीतील रहिवाशांची संमती घ्यावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा भरविण्याची तरतूद कायद्यात आहेच. हा विषय आधी तिच्यापुढे यावा. गृहनिर्माण संस्थेच्या गाळ्यात नवे मद्याचे दुकान काढण्यास संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असे शासनाने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केले. नव्या दुकानाला जर शेजाऱ्याची संमती हवी, तर जुन्या दुकानाच्या नव्या वेळेला ती का नको? आणि आडव्या बाटलीचा निकाल झालेल्या मतांवर लागावा. जो मतदानास आला नाही, त्याचे मत कोणाच्याही पदरात टाकू नये.

कोडोलीसारख्या बाजारपेठेच्या गावात हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. दसरा-दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो, परजिल्ह्यांतून तोडणी मजुरांचे तांडे येतात, फडाच्या कडेला पालांच्या झोपड्या पडतात. पहाटे थंडीत कोयता घेऊन उभ्या राहणाऱ्या त्या बाईला आदल्या रात्री किती वाजता झोप मिळाली, हे गावच्या दुकानाचे दार किती वाजता मिटले यावर पुष्कळसे अवलंबून असते. तिचे नाव आमच्या मतदारयादीत नाही, ती आमच्या ग्रामसभेतही बसणार नाही. तिच्या वतीने बोलावयाचे तर ते आपणच बोलले पाहिजे.

देवीपुढचा दिवा मालवू नये म्हणून आपण नऊ रात्री जपतो. खंडेनवमीस शस्त्रे पुजून, दशमीस सीमोल्लंघन करून, सोने लुटून घरी परतताना प्रत्येक मंडळाने आणि प्रत्येक ग्रामसभा सदस्याने एवढा संकल्प करावा : आमच्या गावात रात्रीची वेळ कोणी वाढवून मागितली, तर आधी घरातल्या बाईला विचारू. तिने हो म्हटले तर आमची हरकत नाही.