आधी पाटी, मग हंडी

चीनमधील चेंगदू आणि चोंगचिंग या शहरांत संध्याकाळ झाली की रस्तोरस्ती एकच वास दरवळतो, चरबीत परतलेल्या लाल मिरचीचा. हाच तिथला प्रसिद्ध हॉटपॉट. चिनी भाषेत त्याला ‘हुओगुओ’, म्हणजे अग्नीची हंडी म्हणतात. टेबलाच्या मधोमध शेगडीवर लालभडक रस्सा उकळत असतो. मांसाचे पातळ काप, कोबी, कमळकाकडी, अळंबी, टोफू असे सगळे कच्चेच समोर येते. ज्याने त्याने हवे ते रश्श्यात शिजवून खायचे.

या रश्श्याच्या चवीला ‘मा-ला’ म्हणतात. ‘ला’ म्हणजे तिखट आणि ‘मा’ म्हणजे बधिरपणा. तिखट आपल्याला नवे नाही. पण ओठ आणि जीभ झिणझिणू लागली की पहिल्यांदा माणूस दचकतो. ही करामत ‘हुआजिआओ’ नावाच्या दाण्यांची. आमच्या कोकणी भगिनींनी मात्र दचकू नये. बांगड्याच्या सालनात आपण जे तिरफळ घालतो, त्याचीच ही जवळची बहीण.

आता मुद्द्याची गोष्ट. परदेशात गेलो की आपल्यापैकी बरेच जण म्हणतात, “मांस नको, फक्त भाज्या घेऊ, म्हणजे काळजी नाही.” हॉटपॉटच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. इथे प्रश्न तुकड्यांचा नसून रश्श्याचा आहे. सिचुआनी लाल रस्सा बहुधा गुरांच्या चरबीत बनतो आणि ती जनावरे जबिहा असतीलच असे नाही. मसाल्यात अनेकदा आंबवलेल्या तांदळाचे मद्यही पडते. साध्या हॉटेलांत डुकराचे मांस आणि बदकाच्या गोठलेल्या रक्ताच्या वड्याही त्याच रश्श्यात शिजवल्या जातात. अशा हंडीत कोबीचे पान बुडवले, तरी ते कोरडे कसे राहणार?

अलहम्दुलिल्लाह, वाट बंद नाही. चीनमध्ये हुई मुसलमानांची संख्या एक कोटीहून अधिक आहे आणि त्यांच्या खानावळी बहुतेक मोठ्या शहरांत आढळतात. हलालसाठी तिथला शब्द ‘छिंगझेन’, म्हणजे शुद्ध आणि खरे. गेल्या काही वर्षांत काही ठिकाणी पाट्यांवरील अरबी अक्षरे काढली गेली आहेत. म्हणून या शब्दाची दोन चिनी अक्षरे मोबाइलमध्ये जपून ठेवावीत. सर्वांत सोपे म्हणजे मशिदीत जाऊन विचारावे. चेंगदूत थिएनफू चौकाजवळ हुआंगछेंग मशीद आहे. मगरिबनंतर आम्ही तिथेच विचारले आणि एका हुई कुटुंबाच्या खानावळीत पोहोचलो.

तिथे मधोमध पडदी असलेली हंडी मिळाली, एका बाजूला लाल रस्सा, दुसऱ्या बाजूला सौम्य पांढरा. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी हीच मागावी. वजडीची पातळ पाने पंधराएक सेकंदच बुडवायची, जास्त ठेवली तर चामडे. मग तिळाचे तेल आणि ठेचलेला लसूण यांत घोळवून खायची. तेलाने तिखट उतरते. कच्च्या मांसाला लावलेल्या काड्या तोंडात घालू नयेत. लाल रस्सा शिजवण्यासाठी असतो, प्यायचा नसतो. तोंड भाजले तर पाण्याचा उपयोग नाही, दूध किंवा सोयाचे दूध घ्यावे.

चोंगचिंगमध्ये असे सांगतात, की हुई खाटकांकडे उरलेली वजडी-आतडी नदीघाटावरचे हमाल आणि नावाडी स्वस्तात नेत आणि तिखट रश्श्यात शिजवत. त्यातूनच हा पदार्थ घडला. तेव्हा हॉटपॉट आपल्याला अगदीच परका नाही.

प्रवासात ‘रस्सा कशात बनवला आहे?’ हे हंडी चुलीवर चढण्यापूर्वी विचारायला संकोच वाटू देऊ नका. हुई यजमानाला या प्रश्नाचा राग येत नाही. आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी सलाम करून आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेले.