शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी!

आपल्या समाजात काही म्हणी अशा आहेत की त्यांना कोणी उलट प्रश्न विचारीत नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही त्यांतली पहिली. भाऊबंदकीत बांध कोरला गेला, म्हण तयार! कारखान्यात पोराचा हात यंत्रात गेला आणि मालकाने चार नोटा देऊन बोळवण केली, म्हण तयार! गावातले चार वडीलधारे ओसरीवर बसतात, पान लावतात आणि मोठ्या कळवळ्याने सांगतात, “बाबा रे, जाऊ दे. वकिलाचे घर भरण्यापेक्षा आपले घर सांभाळ.”

मला एवढेच विचारायचे आहे की ही म्हण पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली असेल? ज्याचा बांध कोरला गेला त्याच्या तोंडून खचित नाही. ज्याने कोरला त्याच्याच तोंडून ती निघाली असली पाहिजे!

कोणाला वाटेल, दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढे असताना हे कज्जेदलालीचे पुराण कशाला? पण वर्षभर ज्या गोष्टी आपण ‘जाऊ दे’ म्हणून कोपऱ्यात लोटतो, त्या घर झाडतानाच हाती लागतात. शिवाय मी पुरावा देणार आहे तो इथला नाही. जवळच्या भांडणात आपण लगेच पक्ष घेतो. म्हणून दूरचे उदाहरण बरे. ते आहे कॅनडा देशाचे.

त्या देशाचे जे मूळ रहिवासी, त्यांना तिथला कायदा ‘इंडियन’ म्हणतो. कोलंबसाची चूक आणि आपले नाव, दोन्ही त्या बिचाऱ्यांच्या गळ्यात पडली ती आजतागायत. 1876 साली त्यांच्यासाठी जो कायदा झाला, त्यात एक चमत्कारिक कलम होते. जो इंडियन वकिलीची सनद मिळवील, तो त्या क्षणापासून कायद्याच्या दृष्टीने इंडियन उरणार नाही! म्हणजे आपल्या लोकांची बाजू मांडायला शिकायचे, आणि शिकून होताच ‘आपले लोक’च नाहीसे व्हायचे.

तरीही ते लोक गप्प बसले नाहीत. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नास नदीच्या खोऱ्यात निस्गा नावाची जमात राहते. त्यांनी आपली जमीन कोणाला विकली नव्हती, युद्धात हरली नव्हती, तहात दिली नव्हती. 1913 साली त्यांनी थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज धाडला. तेव्हा राज्यकर्त्यांनी काय करावे? 1927 साली कायद्यात 141 वे कलम घातले. सरकारच्या लेखी परवानगीवाचून इंडियन लोकांच्या हक्काचा दावा चालवण्यासाठी त्यांच्याकडून कोणी वर्गणी गोळा करील किंवा पैसा घेईल, तर त्याला 50 ते 200 डॉलर दंड किंवा दोन महिन्यांपर्यंत तुरुंगवास! हे कलम 1951 पर्यंत कायम होते. चोवीस वर्षे!

वाचकहो, ज्या वस्तूचा काही उपयोग नाही तिच्यावर कोणतेही सरकार बंदी घालीत नाही. आमचे वडीलधारे म्हणतात, वकील म्हणजे पैशाचा नाश. त्या सरकारला मात्र वकिलाची किंमत नेमकी ठाऊक होती. वर्गणी काढून वकील देणारा अडाणी माणूस त्याला बंदुकीपेक्षाही अवघड वाटला.

बंदी उठल्यावर काय झाले ते पाहण्याजोगे आहे. फ्रँक कॉल्डर हा निस्गा पुढारी आणि टॉमस बर्जर हा तिशीतला वकील यांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1973 साली निकाल लागला. न्यायमूर्ती सात. तिघे म्हणाले, हक्क होता आणि आहे. तिघे म्हणाले, हक्क होता, पण पुढे संपला. सातव्यांनी मूळ प्रश्नाला हातच लावला नाही. राजसत्तेवर दावा लावण्यापूर्वी घ्यायची परवानगी घेतली नव्हती, एवढ्या मुद्द्यावर त्यांनी दावा काढून टाकला. निस्गा हरले! ओसरीवरच्या मंडळींनी इथे टाळी दिली असती. पण सहा न्यायमूर्तींनी, गोऱ्यांच्या आधी या लोकांचा जमिनीवर कायदेशीर हक्क होता एवढे मान्य केले, आणि ते वाक्य सरकारला पचेना. त्याच वर्षी सरकारने धोरण बदलले आणि बोलणी करायची तयारी दाखवली. 2000 साली निस्गांचा तह अमलात आला. सुमारे 2000 चौरस किलोमीटर भूमी त्यांची म्हणून मान्य झाली. हरलेला दावाही बी पेरून जातो, तो असा.

पण बी पेरणे आणि पीक काढणे यांत मोठे अंतर असते, आणि तिथे नुसता हुशार वकील पुरत नाही. मुरलेला वकील लागतो. त्याच प्रांतातल्या गित्क्सान आणि वेट्सुवेटेन या दोन जमातींच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी 1984 साली दावा लावला. मागणी 58,000 चौरस किलोमीटरांची. आपल्या संबंध कोकणाहून मोठा मुलूख! सुनावणी 1987 साली सुरू झाली आणि न्यायालय 374 दिवस बसले. स्टुअर्ट रश, पीटर ग्रँट, लुईझ मँडेल यांसारखे वकील वर्षानुवर्षे त्या एका दाव्याला जुंपून राहिले.

अडचण काय होती, ती आपल्याला चटकन कळेल. ज्यांच्याकडे सात-बारा नाही, खरेदीखत नाही, लिपीच नाही, त्यांनी वहिवाट शाबीत कशी करायची? त्यांच्याकडे होत्या घराण्याच्या कथा आणि गाणी. कोणत्या डोंगरावर कोणाच्या पूर्वजांनी काय पाहिले, कोणती नदी कोणाची, हे सारे त्यांत गुंफलेले. आपल्या आजीच्या ओवीत माहेरची वाट असते ना, तसेच. मेरी जॉन्सन नावाची वृद्धा साक्षीला उभी राहिली. वकिलांनी सांगितले, ही आपल्या घराण्याचे गाणे म्हणेल. तोच तिचा दस्तऐवज. मुख्य न्यायाधीश मॅकईचर्न यांना ते पटेना. आपल्याला गाण्याचा कान नाही, मला गाऊन दाखवून काही साधणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले. तरी बाई गायली. 1991 साली निकाल लागला. कथा आणि गाणी यांना जमिनीचा पुरावा म्हणून मोल मिळाले नाही. वर न्यायाधीशांनी सतराव्या शतकातल्या एका इंग्रज तत्त्ववेत्त्याचे शब्द उसने घेऊन त्या लोकांच्या पूर्वजांचे जिणे किती हलाखीचे होते, हेही ऐकवले!

वकील कच्चा असता तर गाशा गुंडाळून मोकळा झाला असता. हे वकील अपिलात गेले. 11 डिसेंबर 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तोंडी परंपरेला लेखी पुराव्याच्या बरोबरीने योग्य ते वजन दिले पाहिजे, आणि ते न देण्यात खालच्या न्यायालयाची चूक झाली. जमीन मात्र त्या दिवशीही मिळाली नाही. फेरसुनावणीचा हुकूम झाला. पण त्या म्हाताऱ्या बाईचे गाणे आता कायद्यात शिरले होते. पुढे चिल्कोटिन जमातीच्या दाव्यात पाच वर्षांत 339 दिवस सुनावणी झाली, न्यायाधीश स्वतः त्या मुलखात जाऊन राहिले, आणि 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने 1,700 चौरस किलोमीटरांहून अधिक भूमीवर त्या जमातीचा हक्क जाहीर केला. असा स्पष्ट निर्णय त्या देशाच्या इतिहासात प्रथमच होत होता.

जमिनीचे झाले. आता माणसाच्या अंगावरच्या जखमेचे पाहू. हा भाग मला अधिक बोचतो, कारण त्यात ‘शाळा’ हा शब्द आहे आणि मी पेशाने मास्तर आहे.

कॅनडा सरकारने आणि चर्चसंस्थांनी मिळून निवासी शाळा चालवल्या. शंभराहून अधिक वर्षांत सुमारे दीड लाख मुले घरांतून उचलून तिथे कोंबली. आईची भाषा बोलले की शिक्षा. उपासमार, मारझोड, आणि कित्येक ठिकाणी लेकरांवर अत्याचार, ज्यांचा तपशील सणाच्या अंकात लिहवत नाही. व्हँकुव्हर बेटावरच्या अल्बर्नी येथील अशाच एका शाळेच्या वसतिगृहातला एक देखरेख्या 1995 साली दोषी ठरला. मग तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. त्यांच्या वकिलांत होता तोच पीटर ग्रँट, जो गाण्याच्या दाव्यात होता.

बचाव पक्षाने काय काय मांडले, ते ऐका. सरकार म्हणते, जबाबदारी चर्चची. चर्च म्हणते, सरकारची. शिवाय कायदा म्हणतो, जखम झाली नसती तर माणूस जसा असता, तेवढ्यापुरतीच भरपाई. मग बचावाचे वकील म्हणणार, यांची घरे आधीच मोडकळीला आलेली होती, हे तसेही सुखी झाले नसते! ती घरे कोणी मोडली, हा प्रश्न मात्र विचारायचा नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला. सरकारवर 75 टक्के जबाबदारी, चर्चवर 25. पण भरपाई फक्त लैंगिक अत्याचाराची. मार, भूक, आईपासून तोडणे, हे सारे मुदतबाह्य! तोडलेल्या जिभेलाही मुदतीचा कायदा लागू!

तरीही असे हजारो दावे साठत गेले, म्हणूनच सरकार नमले. 2007 साली मोठी तडजोड अमलात आली. शाळेतल्या पहिल्या वर्षाचे 10,000 डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे 3,000, आणि अत्याचारांची चौकशी स्वतंत्र; तिथे 38,000 हून अधिक अर्ज आले. भाषा आणि संस्कृती बुडवल्याची भरपाई तेव्हाही मिळालेली नव्हती. त्यासाठी 2012 साली जमातींनी सामुदायिक दावा लावला. पुन्हा पीटर ग्रँट होताच. 2023 साली सरकारने त्या नुकसानीपोटी 2 अब्ज 80 कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. एकेकट्या माणसाला जे मुदतबाह्य म्हणून नाकारले, ते अठरा वर्षांनी जमातींनी एकत्र येऊन मिळवले!

यावर आक्षेप येणार, तो मला ठाऊक आहे. “मास्तर, वकील काय देवदूत आहेत? दुसऱ्याच्या जखमेवर जगणारी ही गिधाडे!” गिधाडे आहेतच, नाहीत कोण म्हणतो? त्याच निवासी शाळांच्या चौकशीतून अल्बर्टातल्या एका वकिलाला 2012 साली न्यायालयाने बाहेर काढले. अशीलांच्या भरपाईवर महाग कर्जे लादण्याचा व्यवहार उघडकीला आला होता. हजारो अशील त्याच्या हाती होते. पण त्याला बाहेर कोणी काढले? न्यायालयानेच. तिथे वकिलाच्या फीला 30 टक्क्यांची मर्यादा होती आणि चौकशी अधिकारी ती फी तपासून कमी करू शकत होता. लबाड वकिलावर इलाज म्हणजे फी तपासणारा डोळा. वकीलच नको, हा इलाज नव्हे.

‘वकीलच नको’ म्हटले की काय होते, ते पाहायला कॅनडापर्यंत जावे लागत नाही. 1984 च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायू सुटला. अमेरिकेतले वकील विमानाने उतरले आणि वकीलपत्रांवर आंधळ्या झालेल्यांचे अंगठे उठवू लागले. दृश्य किळसवाणे होते. म्हणून 1985 साली आपल्या सरकारने कायदा करून खटला चालवण्याचा हक्क एकट्या स्वतःकडे घेतला. हेतू चांगला असेल! मागणी 3 अब्ज डॉलरांहून अधिक होती. 1989 च्या फेब्रुवारीत तडजोड झाली 47 कोटी डॉलरांना. ज्यांची फुप्फुसे जळली होती, त्यांना कोणी विचारलेही नाही. गिधाडे हाकलली खरी. पण जखमी माणसाचा आवाजही त्यांच्याबरोबर हाकलला गेला.

दुसरा आक्षेप दिरंगाईचा. 1984 चा दावा, 1997 चा निकाल! या काळात कित्येक वृद्ध साक्षीदार मरून गेले. ही कोर्टाची लाज आहे, आणि तिच्यावर जितके कोरडे ओढावे तितके थोडेच. पण ओसरीवरच्या न्यायाला किती काळ लागतो? तो तर कधीच येत नाही. उशिराने येणाऱ्या गाडीवर रागवावे; पण तेवढ्यासाठी रूळ उखडून टाका म्हणणारा प्रवाशांचा मित्र नव्हे.

तेव्हा ती म्हण आता पालटायला हवी. क्षुल्लक मानापमानासाठी आणि भावाला धडा शिकवण्यासाठी कोर्टाची पायरी चढणारा शहाणा नव्हेच. त्याच्यापुरती जुनी म्हण खुशाल राहू द्या. पण ज्याची जमीन गेली, हात गेला, लेकराचे बालपण गेले, त्याला ‘जाऊ दे’ म्हणणे हे शहाणपण नाही. तो दुसऱ्याच्या बाजूचा, बिनफीचा वकिली सल्ला आहे. अशा माणसाला पैशाची मदत करा, चांगला वकील शोधून द्या, त्या वकिलाची फी तपासा आणि तारखेला त्याच्याबरोबर जाऊन बसा. पायऱ्या उंच आहेत. एकट्याला दम लागतो. चौघे बरोबर असले म्हणजे चढवतात.