मधल्या सुट्टीतला एकाकी विद्यार्थी

दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षक नेमावेत, एवढ्या साध्या गोष्टीकरिता सर्वोच्च न्यायालयाला वारंवार राज्यांचे कान उपटावे लागले आहेत. रजनीश कुमार पांडेय प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि पुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण मान्य केले. तरीही मार्च २०२५ मध्ये पदे अधिसूचित करण्याचे निर्देश पुन्हा द्यावे लागले. ही पदे भरलीच पाहिजेत. परंतु सर्वसाधारण शाळेतील स्वमग्न मुलाचा दिवसातील सर्वांत अवघड काळ बहुधा तासिकेत नसतो. तो मधल्या सुट्टीत असतो, आणि त्या वेळी विशेष शिक्षक जवळ असून फारसा उपयोगही नसतो. मोठे माणूस शेजारी उभे असले की मुलांचा खेळ दुसरीकडे सरकतो.

वर्गात निदान वेळापत्रक असते. मैदानावरचे नियम मात्र कोणी सांगत नाही: चालू खेळात कसे शिरायचे, थट्टा कोठे संपते आणि हिणवणे कोठे सुरू होते, डबा पुढे केला म्हणजे काय समजायचे. इतर मुले हे न शिकवता शिकतात, असे आपण गृहीत धरतो. ज्याला ते उमगत नाही, त्याला आपण शाळा सुटल्यावर उपचारकेंद्रात नेतो आणि बंद खोलीत प्रौढ व्यक्तीबरोबर 'मैत्री' शिकवतो.

अमेरिकेतील कॉनी कसारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सर्वसाधारण शाळांतील साठ स्वमग्न मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना प्रशिक्षकाने स्वतंत्रपणे कौशल्ये शिकवली. काहींच्या बाबतीत त्यांच्याच वर्गातील तीन मुलांना तयार केले. वर्गमित्रांना तयार केले तेथे त्या मुलाचे वर्गातील स्थान अधिक सुधारले आणि मैदानावरील एकटेपण कमी झाले. मला यात फारसे नवल वाटत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी त्याच वर्षी मांडले की न समजण्याची अडचण दुहेरी असते. स्वमग्न मुलाला इतर कळत नाहीत तितकेच इतरांनाही ते कळत नाही. मग शिकवणी एकालाच का?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे मद्रास आठवणे अपरिहार्य आहे. १७८९ नंतर एग्मोरच्या लष्करी अनाथालयात अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने, स्थानिक शाळांतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहून, मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली. १७९७ मध्ये त्याने ती लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली आणि पुढे ती 'मद्रास पद्धत' म्हणून विलायतेत गाजली. तिचे मोठे आकर्षण स्वस्ताई हे होते. थोड्या शिक्षकांत पुष्कळ मुले उरकत. पण त्या पद्धतीतला मॉनिटर हा देखरेख करणारा होता, सवंगडी नव्हे.

नेमकी हीच भीती मला आजही वाटते. वित्त विभागाशी आयुष्यभर पत्रव्यवहार केल्यावर एक गोष्ट पक्की कळते: एखाद्या योजनेवर 'विनाखर्चिक' असा शेरा आला की तिला तत्काळ मंजुरी मिळते आणि तिच्याच आधारे शेजारच्या फायलीतील पदे गोठवली जातात. वर्गमित्रांचा आधार हा विशेष शिक्षकाला पर्याय नाही; ते त्याचेच एक काम आहे. मुलांची निवड, त्यांना आठवड्यातून दोनदा दिलेली वीस मिनिटे, एखाद्याने कंटाळून माघार घेतली तर त्याला दोष न देता दुसऱ्याला आणणे, हे सारे कोणीतरी जाणत्याने करायचे आहे. शिवाय आपल्याकडे अशी जबाबदारी हटकून वर्गातील सर्वांत आज्ञाधारक मुलीवर येऊन पडते. तिला बिनपगारी आया करणे म्हणजे समावेशन नव्हे. दोन-तीन मुले आळीपाळीने असावीत, स्वेच्छेने असावीत, आणि स्वमग्न मुलाच्या आवडीचा विषय, मग तो रेल्वेचे वेळापत्रक का असेना, खेळाच्या मध्यभागी यावा. त्याने डोळ्याला डोळा भिडवला की नाही, हे यशाचे मोजमाप नसावे. त्याला एकटे बसायचे असेल त्या दिवशी बसू द्यावे.

१९९५ च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने तिला स्पष्ट स्थान दिले. त्याच अधिनियमाचे कलम १६ शैक्षणिक विकासाबरोबर 'सामाजिक विकासा'साठी आधार देणे हे संस्थांचे कर्तव्य ठरवते. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद ठरली आहे. सेवेत असताना मी ज्या आढावा बैठका घेतल्या, त्यांच्या प्रपत्रांत उतरंडी, स्वच्छतागृहे, साहित्यवाटप यांचे रकाने असत. मूल सुट्टीत कोणाबरोबर बसते, याचा रकाना नव्हता. तो मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात घालावा, बी.एड.च्या पाठ-सरावात मैदानावरील निरीक्षणाचे काही तास ठेवावेत, आणि पदनिर्मितीच्या प्रस्तावात विशेष शिक्षकाच्या कर्तव्यसूचीत वर्गमित्रांची तयारी हे काम नावानिशी लिहावे. राज्ये हे प्रस्ताव न्यायालयाच्या आदेशामुळे तयार करीतच आहेत. त्यात एक ओळ वाढवायला नव्या कायद्याची गरज नाही.