पळालेला बेडूक

काचेच्या टाकीत बेडूक पाळण्याची हौस इंग्लंड-अमेरिकेत जुनी आहे. असा बेडूक रात्री टाकीबाहेर पडला की घरची मंडळी म्हणतात, 'भूक लागली की येईल!' पण तो काही मांजर नव्हे. दक्षिण आफ्रिकेचा नखेवाला बेडूक तर पाण्यातच राहणारा. बेडूक पाणी पितो तेही कातडीने. कोरड्या फरशीवर ती सुकली, धूळ-केस चिकटले, की काही तासांत त्याचा कारभार आटोपतो. अशा वेळी हसत बसणे मला निव्वळ निर्दयपणाचे वाटते.

शोधायचे कोठे? खोलीच्या मध्यभागी मुळीच नाही. भिंतीच्या कडेकडेने, कपाटामागे, न्हाणीघरात, ओल्या पायपुसण्याखाली. दिवे मालवून विजेरीचा झोत जमिनीलगत फिरवावा. कोपऱ्यांत ओली फडकी टाकून ठेवावी. उचलताना हात ओले हवेत, साबणाचे मात्र नकोत.

'सुटला बिचारा!' असे म्हणणारे कविमनाचे लोकही असतात. लॅन्सलॉट हॉगबेन यांनी १९३० च्या दशकात याच बेडकाच्या मादीवरून गर्भधारणा ओळखण्याची रीत काढली आणि त्यापायी हजारो बेडूक आफ्रिकेतून जगभर गेले. सुटलेल्या नि सोडलेल्या बेडकांची प्रजा आज कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स येथील तळ्यांत नांदते, तिथल्या लहान जीवांवर ताव मारते. तेव्हा खिडकीतून गेलेला बेडूक हा एका घराचा प्रश्न राहत नाही. टाकीवर जड झाकण हवेच. नळीसाठी ठेवलेली फटही बुजवावी, कारण तेवढ्यातूनही हा प्राणी अंग चोरून निसटतो.