दारू सोडायची, पण बसायचे कोणात?

गेल्या वर्षी वर्षावासात रोह्याजवळच्या एका वाडीत आम्ही वंदनेला गेलो होतो. पंचशील झाले, मंडळी उठली. पण एक गृहस्थ भिंतीला टेकून बसूनच राहिले. चाळिशीचे, धाटावच्या कारखान्यात कामाला जाणारे. जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "दादा, पाचवे शील म्हणताना तोंडातून शब्द फुटत नाही. सकाळीच घेतली आहे." त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, शपथा पुष्कळ झाल्या. आता दुसरे काही असेल तर सांगा."

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची. ती आपल्या लेकरांनाही पाठ आहे. पण व्यसन जडलेल्या माणसाला प्रतिज्ञा ठाऊक नसते असे नाही. ती पाळण्याचे बळ एकट्यात उरलेले नसते. आपण त्याला विहारात उपदेश करतो, घरी शिव्या देतो. खरे बोलायला जागा मात्र कुठेच देत नाही.

अशी जागा म्हणजे दारू सोडणाऱ्यांची मीटिंग. अमेरिकेत १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलून सावरले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही संघटना उभी राहिली. तिथे फी नाही, भाषण नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. माणूस फक्त आपले नाव सांगतो, आडनाव कुणी विचारत नाही. आडनावावरून जात हुंगणाऱ्या आपल्या देशात ही लहान गोष्ट नव्हे. पुण्याचे मुक्तांगण हे केंद्र अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. तिथेही उपचारानंतर एकमेकांना धरून राहण्यावर भर आहे.

आमचे हे बंधू रोह्याहून गाडीने पनवेलकडच्या एका मीटिंगला गेले. गावात कुणी पाहील ही भीती होती, म्हणून लांब. परत आले ते नाराज होऊन. "तिथे प्रार्थना म्हणतात, देवाचे नाव घेतात. आपण बौद्ध माणसे. आपले तिथे काय काम?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ए. ए.च्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे. पण ज्याला जसा समजेल तसा, असेही तिथेच म्हटले आहे. देव न मानणारे कितीतरी सभासद जमलेल्या माणसांनाच आपले बळ मानतात. आपण त्याला संघ म्हणू. उपोसथाच्या दिवशी भिक्खूही आपले दोष संघातच कबूल करतात. प्रार्थना चालू असताना गप्प उभे राहावे, कुणी जबरदस्ती करीत नाही. परदेशात तर बुद्धाच्या शिकवणीवर चालणारे 'रिकव्हरी धर्मा' हे गटही २०१९ पासून आहेत.

त्या बंधूंना आम्ही एवढेच म्हटले, की एका मीटिंगवरून सगळ्यांचा हिशेब करू नका. ते दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथे रात्रपाळी करणारा एक जुना सभासद भेटला. त्याने घरचा फोन नंबर दिला, म्हणाला, "प्यावीशी वाटली की पिण्याआधी फोन कर." तिथे त्यांचे मन बसले. दिवाळीत एकदा घसरले. पण लपवले नाही, पुढच्याच मीटिंगला जाऊन सांगितले. आम्हाला यातच आशा वाटते.

वाचकांसाठी काही गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. आधी डॉक्टर गाठावा, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात विचारावे. सरकारची व्यसनमुक्तीची मोफत फोनसेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. मीटिंगचे ठिकाण, वार, वेळ फोन करून पक्की करावी. खुल्या मीटिंगला घरचे माणूस सोबत जाऊ शकते; बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची असते. परतीची गाडी किंवा एस.टी. मिळेल अशीच वेळ निवडावी, नाहीतर पेण-रोह्याच्या माणसाचे जाणे दोन आठवड्यांत बंद पडते. फोनवरूनही मीटिंग होतात, त्या मधल्या दिवसांना आधार. चार-सहा वेळा बसल्याशिवाय नको म्हणू नये. मात्र जिथे पैसे उकळतात, औषधे बंद करा म्हणतात किंवा तुमची गोष्ट बाहेर फुटते, तिथून उठावे. पत्नीसाठी, मुलांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात. नवरा सुधारेपर्यंत बाईने थांबू नये.

शेवटी विहार कमिट्यांना विनंती. जयंतीची वर्गणी आपण घरोघर गोळा करतो. तशीच आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराची खोली या बांधवांसाठी उघडी ठेवा. पदाधिकारी आत नकोत, वही नको, भाषण नको. सतरंजी आणि चहा पुरे.

आणि पहिल्यांदा जाताना कुणाचे पाय अडखळत असतील, तर आम्हाला सांगा. स्टेशनपर्यंत नव्हे, मीटिंगच्या दारापर्यंत सोबत येऊ.

जयभीम.